पंचमाची खूण

जामबाग, दिवाळी पाडवा, १९४८

आज भलताच खूश आहे! गिटार घरीच केली, पण दांड्याला सतारीसारखे पडदे अजून बसवलेले नाहीत. बोट ठेवायचं कुठे? मी पडलो जमीनमोजणी खात्यातला कारकून. शेताचे वाफे पाडावेत तशा सारख्या अंतरावर खुणा केल्या. सगळं बेसूर! पंचमाची खूण तर दीड बोट चुकलेली.

सुशीला हसत सुटली. "अहो, सूर का असे मोजून बसतात? मी गाते, तुम्ही बोट सरकवा. जुळलं की पेन्सिल टेकवा."

ही गाणार? रझाकारांच्या धास्तीनं वर्षभर आम्ही खिडक्या लावून कुजबुजत होतो. गाणं सुटलंच होतं तिचं. आज सा लावला तो मोकळा. रे, ग, म जुळले. पंचमावर ती थांबली, लांबवत राहिली.

तेवढ्यात समोरच्या चाचींची खिडकी करकरली. भारताची फौज शहरात आल्यापासून ती बंद होती. आता त्यांना धास्ती. चाची डोकावून म्हणाल्या, "भाभी, रुकना नक्को! आगे गाओ."

सुशीला गातच राहिली, मी ऐकतच राहिलो. पंचमाची खूण करायची राहूनच गेली.

बरं झालं. उद्या तिला पुन्हा गावं लागेल.