गो बॅक

प्रिय नीलकंठकाका,

पुढच्या महिन्यात तुम्ही बाबांच्या दुकानात मदतीला इकडे परदेशात, मनुरेवा उपनगरात येताय. तुम्हाला हे कळायला हवं. पण तुम्ही बाबांना सांगाल, म्हणून पत्र पाठवणार नाही.

परवा एक माणूस हातोडा घेऊन दुकानात शिरला. "गो बॅक!" असं ओरडला. बाबा मुकाट्याने दोन पावलं मागे सरकले. ते अलार्म दाबतायत असं वाटून त्याने काउंटरवरून उडी मारली आणि त्यांची बोटं ठेचली.

हॉस्पिटलात बाबा विचारत राहिले, "मी सरकलो होतो की गं मागं?"

घरातली पहिली पदवीधर मी. या देशात सगळेच कुठून तरी आले, असं शाळेत शिकवते. 'तुझ्या देशात परत जा' हा 'गो बॅक'चा अर्थ मात्र बाबांना सांगवेना.

बाबाच म्हणाले, "अजून थोडं सरकायला हवं होतं."

"पुढच्या वेळी सरकेन," ते पुढे म्हणाले.

तुमची पुतणी,
संपदा