पेराएवढा तुकडा

३ फेब्रुवारी, शनिवार

पोचले एकदाची. साताऱ्याहून निघालेली गाडी कराडला अर्धा तास रखडली, तरी जेवणाच्या आत सांगलीत, विश्रामबागेतल्या या बंगल्यात आले. मला स्वतंत्र खोली आहे. खिडकीबाहेर शेवगा, आणि पंखा अजिबात कुरकुरत नाही. स्वयंपाकाच्या रंगुबाईंनी गरम भाकरी वाढली आणि विचारलं, सशाला सांभाळायला बीएस्सी पोरगी लागती व्हय, ससा हाय का जावई. माझ्या वडिलांनी, दादांनीही निघताना हेच ऐकवलं होतं. पंधरा वर्सं शिकलीस सोनिया, आन् शेवटाला राखायलाच चाललीस. पण मेंढरं सोडून ते मला फाट्यापर्यंत पोचवायला आले, आणि वाटेत भेटेल त्याला सांगत होते की आमच्या वाडीत पदवीचा कागद आणणारी हीच पहिली.

इंद्रजितसाहेबांचा कुपवाडला छोटा कारखाना आहे. त्यांची क्रांती नऊ वर्षांची होती, ऑक्टोबरात तापानं गेली. तिचे दोन ससे. तपकिरी गूळ संक्रांतीच्या आठवड्यात मेला, आता पांढरी साखर उरली. साहेब म्हणाले, काही करा पण ही जगवा, माझी बायको हिच्यावरच जगतीय. मी म्हटलं, जगवीन. माझं शिकणं पहिल्यांदाच कुणाच्या उपयोगी पडणार आहे.

४ फेब्रुवारी, रविवार

साखर शहाणी आहे, हात लावू देते. पण अंगाला जड आणि लेंड्या बारीक, ओल्या. चारा तसाच पडलेला. खाणं चुकतंय हे उघड आहे.

कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून पिंजऱ्यापाशी लावलं. वाळलं गवत आणि पाणी सतत समोर हवं. हरळी आणि कोथिंबीर रोज थोडी. फळ आठवड्यातून दोनदाच, अंगठ्याच्या पेराएवढा तुकडा. सफरचंदाच्या बिया काढून. केळं, द्राक्ष, चिकू फार गोड, ते अगदी नावापुरतं. फळातली साखर सशाच्या आतड्यात आंबते, पोट फुगतं, आतडं थांबतं. बारा तास खाल्लं नाही की जीव धोक्यात.

साहेबांच्या बायकोनं, विजयमालाताईंनी सगळं वाचलं. हळू बोलतात. म्हणाल्या, बरोबर आहे बाळा.

७ फेब्रुवारी, बुधवार

आज कळलं. दुपारी बाराला ताई नैवेद्याचं ताट घेऊन पिंजऱ्यापाशी बसतात. घडभर द्राक्षं, केळं, चिकू. क्रांतीला आवडायचं ते सगळं.

रंगुबाईंनी भांडी घासता घासता सांगितलं. क्रांतीच्या दहाव्याला कृष्णेच्या घाटावर पिंडाला कावळाच शिवेना. दोन वाजेपर्यंत सगळी उन्हात उभी. भटजी म्हणाले दर्भाचा कावळा करून शिवू, सुटका होईल. ताईंनी हात धरला, माझी लेक गवताच्या पाखरावर बोळवायची न्हाई. तशाच घरी आल्या, ताट खाली ठेवलं, आणि साखरेनं येऊन ताटातलं द्राक्ष खाल्लं. तवापास्नं हे चाललंय.

मला राग आला नाही.

८ फेब्रुवारी, गुरुवार

ताईंना समजावलं. ताट रोज दाखवा, पण साखरेला गुरुवारी आणि रविवारी पेराएवढा तुकडा, बाकी आपण प्रसाद म्हणून खाऊ. त्या ऐकून घेत होत्या. मग विचारलं, नऊ वर्षांच्या पोरीचं पेराएवढ्यात भागतं का गं. तरी कबूल झाल्या. आज पेरूचा तुकडा दिला, साखरेनं नंतर गवतही खाल्लं. दादांना फोन केला. ते म्हणाले, मेंढरालाबी ऊस लय घातला की पोट डब्ब हुतं, माया असावी पण हात आखडता असावा.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

पिंजऱ्यातल्या गोणपाटाखाली चिकूच्या बिया सापडल्या. केळ्याची सालंही. मी आंघोळीला गेले की ताई भरवत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, ती मागती.

साखर सकाळपासून कोपऱ्यात. पोट टणक. एकही लेंडी नाही.

१४ फेब्रुवारी, बुधवार

जनावरांच्या डॉक्टरांकडे नेऊन आणलं. इंजेक्शन दिलं, पातळ चारा सुईशिवायच्या सिरिंजनं भरवायला सांगितला. म्हणाले, उशीर झालाय, प्रयत्न करू. मी दर तासाला भरवतेय, पोट चोळतेय. गिळत नाही, तोंडातून परत येतं.

ताई पाणीसुद्धा घेत नाहीत. साहेबांनी मला बाजूला बोलावून सांगितलं, ही गेली तर तीबी जाईल. मोठा माणूस, पण माझ्यासमोर रडला.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी साखरेचं अंग गार लागलं. ताई ताट पुढे करून, हात जोडून बोलत होत्या. तुझी खोली मोडणार न्हाई. तुझी सायकल कुणाला देणार न्हाई. साखर हलेना.

मला आजीचं दहावं आठवलं. माणगंगेच्या काठी कावळा येत नव्हता, तेव्हा दादा पुढे होऊन म्हणाले होते, आये, तुझी शेरडं इकणार न्हाई. आणि लगेच कावळा झेपावला. आमच्यात असंच करतात. गेलेल्याचा जीव कशात अडकलाय ते ओळखून शब्द द्यायचा.

एवढं शिकून मी ते केलं. द्राक्ष हातात धरलं आणि म्हणाले, मी तुला सोडून जाणार नाही, मी इथंच राहीन, तुझी होऊन.

साखरेनं मान उचलली आणि द्राक्ष खाल्लं. माझ्या हातून, सबंध.

ताईंनी माझे पाय धरले. मला किती बरं वाटलं काय सांगू.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

साखर खातेय. फक्त फळ, फक्त बाराला, फक्त माझ्या हातून. गवताकडे बघत नाही. लेंडी अजून नाही. पुढच्या पायामागे बोट धरून ठोके मोजायचा प्रयत्न केला. सशाचं काळीज फार जलद चालतं, बोटाला थरथर लागते. लागली नाही. माझंच चुकत असेल.

ताईंनी माझी पिशवी क्रांतीच्या खोलीत हलवली. नको म्हणवेना.

१७ फेब्रुवारी, शनिवार

डॉक्टरांनी नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग विचारलं, कधी गेली ही. मी म्हटलं, काल दुपारी अर्धं केळं खाल्लं तिनं. ते म्हणाले, दोन दिवस तरी झाले असतील, अंग ताठलंय, पोटाला वास येतोय. माझ्याकडे काळजीनं बघत राहिले. घरी जाऊन झोपा म्हणाले.

टोपली मांडीवर घेऊन रिक्षात बसले. राजवाड्याच्या चौकापाशी टोपलीतून आवाज आला. चघळल्याचा. आत काहीच ठेवलेलं नव्हतं.

बारा वाजायला आले होते.

१८ फेब्रुवारी, रविवार

भाकरी मातीसारखी लागते. काल आणि आज मिळून एक चिकू आणि द्राक्षं खाल्ली, बस्स. आरशात स्वतःचे डोळे बघायचं धाडस झालं नाही.

साहेबांना सगळं सांगितलं. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, विजयमाला परवापासून जेवती हाय, तुमी जरा कळ काढा.

१९ फेब्रुवारी, सोमवार

निघाले होते. स्टँडवर साताऱ्याची गाडी लागलेली, पायरीवर पाय ठेवल्याचं आठवतं. नंतरचं नाही. भानावर आले तेव्हा बंगल्याच्या फाटकात होते, हातात द्राक्षांची पिशवी. मनगटावर घड्याळ, बाराला पाच कमी.

ताई दारातच उभ्या होत्या. उशीर केलास म्हणाल्या.

२० फेब्रुवारी, मंगळवार

रंगुबाई काम सोडून गेल्या. जाताना मला मागच्या दारी ओढलं. पोरी, घाटावरचा शबूद घाटावर द्यायचा, तिथं पाणी असतंय सगळं न्ह्यायला. तू चार भिंतीत दिलास. आन् तुझी हुईन म्हनालीस. त्यांनी एकच उपाय सांगितला. शब्द देणाऱ्यानंच घास बंद करायचा, मग मुकं जनावर तरी सुटंल. मी विचारलं, आणि मी? त्या पदरानं डोळे पुसत गेल्या.

दादांना फोन लावला. या आणि मला घेऊन जा, एवढंच बोलता आलं. उद्याच निघतो म्हणाले.

२१ फेब्रुवारी, बुधवार

बाराला ताट आलं. हात ओढणीनं बांधून घेतले, दातांनी गाठ मारली. साखर माझ्याकडे बघत होती, डोळ्यांवर पांढरं आलंय, तरी बघत होती. ताई विनवत होत्या, मग शिव्या देत होत्या, मग नुसत्या रडत होत्या.

दिलं नाही.

साडेबाराला ती कलंडली. वास एकदम सुटला. गेली बिचारी. जगवीन म्हटलं होतं मी—

फाटक आतून कुलूपबंद आहे. दादा कुठवर आले असतील.

त्याच दिवशी, एक वाजता

ताईंनी ताट उचललं नाही. पिंजऱ्यावरून त्यांची नजर हळूहळू माझ्यावर आली. आता माझ्यासमोर बसल्यात. हात जोडलेत. ओढणी त्यांनीच मघाशी सोडली, म्हणून लिहिता येतंय.

मला भूक नाही. तोंड उघडायचं नाही. मी सोनिया आकाराम, मी सोनिया, मी बीएस्सी, मला भूक—

एकच द्राक्ष. पेराएवढं. एकानं काय—

गोड आहे.

फाटकाशी कुणी म्हातारा आलाय. खांद्यावर घोंगडं. गज हलवून कुणाला तरी हाका मारतोय, सोनिया, सोनिया. रडतोय पण. आई म्हणते तिकडं बघू नकोस, आ कर. कोण गं ती सोनिया, मी विचारलं, तर आई हसली. आई किती दिवसांनी हसली. आई, अजून एक दे ना, अजून ए