सेनादोरची आंघोळ

बेलेम, ९ जुलै

चि. एव्हाल्दो यास,

नाझारेच्या माउलीचा हात तुझ्या डोक्यावर राहो, आणि जागा उरलीच तर तिथे थोरल्या बहिणीचा आशीर्वादही राहो. तुझा खोकला गेला का? भावजय ओदालेया कशी आहे? माझ्या गुडघ्याबद्दल तू विचारलं नाहीस, तरी सांगते, तो होता तिथेच आहे आणि दुखतो.

तुझं पत्र पोचलं. ‘घरात एक तर मी राहीन नाहीतर तो साप’ असं म्हणून तुला सांतारेमला घेऊन गेलेल्या ओदालेयाच्या पिठाच्या कोठीत आता उंदीर नाचतायत, आणि म्हणून तिला आपला सेनादोर हवाय, हे वाचून करमणूक झाली. (मी तिला नावं ठेवत नाही. अडला हरी, एवढंच म्हणते.) मंगळवारी बोटीवरचा तोर्काटो टोपली घेऊन येईल म्हणतोस. येऊ दे. माळ्यावर सहा हात साप आणि खाली एकटी मी, असे आठ महिने काढले. आता सुटेन एकदाची. फक्त त्याच्यावर मध्यंतरी काय गुदरलं ते तुला कळायला हवं, कारण नऊ वर्षांपूर्वी शर्टात घालून त्याला घरी आणलास तो तू, आणि संसदेतल्या खासदारांसारखा खाऊन महिनाभर पडून राहतो म्हणून सेनादोर हे नाव ठेवलंस तेही तूच.

मे महिन्यात त्याने माळा सोडला आणि न्हाणीतल्या पाण्याच्या घंगाळात मुक्काम ठोकला. रात्रंदिवस पाण्यात, वर फक्त नाक. मला वाटलं, तुझ्या आठवणीने करतोय. (मीही तेव्हा फारशी जेवत नव्हते, पण ते गुडघ्यामुळे.) मग एक दिवस त्याला उचलला तर माझ्या दंडावर काळे तीळ, आणि ते तीळ चालायला लागले! बघते तर त्याच्या हनुवटीखाली, डोळ्यांच्या कडांना, खवल्याखवल्याच्या आत तेच. मी किंचाळले तशी शेजारची दोना जेनेरोझा पोळपाट घेऊन धावत आली. तिने बघितलं आणि म्हणाली, ‘तंबाखूचं पाणी मार, दुपारपर्यंत सगळं मरतं.’ सगळ्यात सेनादोरही आला हे तिच्या ध्यानात आलं नाही. तिचं लक्ष हल्ली कशातच नसतं, त्याचं कारण पुढे येईल.

तेव्हा मी त्याला टोपलीत घालून बसने शेतकी शाळेच्या पशुवैद्याकडे नेलं. बसमधल्या बाईने विचारलं, टोपलीत कोण? मी खरं ते सांगितलं, सेनादोर. ती म्हणाली, ‘मग सरकून बसा बाई, त्यांना किती जागा दिली तरी पुरत नाही.’ पशुवैद्य म्हणजे कालचं पोर, पण हात हलका. म्हणाला, या सापाच्या गोचिडी, रक्त पितात, असंच चाललं तर हा खंगून मरेल. तंबाखूचं नाव काढू नका. रोज अर्धा तास कोमट पाण्यात ठेवा, डोळ्यांभोवती बोटाने आंदिरोबाच्या बियांचं कडू तेल लावा, त्याचं झोपायचं लाकडी खोकं जाळा, आणि खाली पांढरं कापड घाला म्हणजे एक जरी उरली तरी दिसेल. अंडी फुटत राहतात, तेव्हा सहा आठवडे खंड पाडायचा नाही. घरात पांढरं शुभ्र म्हणावं असं कापड एकच होतं, माझ्या लग्नासाठी आईने भरतकाम केलेली चादर. लग्न तर काही झालं नाही. चादर तरी कोणाच्या कामी येऊ दे, म्हटलं आणि अंथरली.

आता जूनमधल्या सांजांवच्या सणाची गोष्ट. मोठं घंगाळ घरात एकच, हे तुला ठाऊक आहे. सणाच्या आदल्या सकाळी मी त्यात सेनादोरला भिजवलं, आणि बाजारातून आणलेला सुवासिक पाला थोडा त्याच्याही पाण्यात टाकला. वर्षाचं नशीब धुऊन निघायचं तर त्या बिचाऱ्याचंही निघू दे. त्याला आत नेऊन पुसला, तेल लावलं, आणि बाहेर येते तो दोना जेनेरोझा डोळे मिटून, नवरा मिळावा म्हणून सांत आंतोनला साकडं घालत, त्याच घंगाळातलं पाणी डोक्यावर ओततेय! सातवं भांडं होतं. दरवर्षी ती माझ्याच सुवासिक पाण्याने नाहते, यंदा फक्त लवकर आली. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, ‘यंदा तीळही घातलेस का गं इरासिल्दा? छान दिसतात.’ तिच्या केसांत मेलेल्या गोचिडी चमकत होत्या. मी म्हटलं, हो, जुनी पद्धत आहे.

आणि चौथ्या दिवशी, एव्हाल्दो, तो बर्फवाला अबिलियो, ज्याने अकरा वर्षांत तिच्याकडे मान वर करून पाहिलं नव्हतं, त्याने तिला नाचायला चल म्हणून विचारलं! (लक्ष कुठे असायचं ते आता कळलं ना?) ऑगस्टमध्ये लग्न आहे. गल्लीतल्या तीन मुली तिळाचं प्रमाण विचारून गेल्या. पाद्रीबाबांपाशी पाप कबूल करायला दोनदा निघाले आणि दोनदा कोळंबी घेऊन परत आले.

मधले पाच आठवडे सेनादोरने काही खाल्लं नाही, हे मी तुला कळवलं नव्हतं. रोज मांडीवर घेऊन तेल लावायची. पहिल्यांदा फुसफुसायचा, मग हळूहळू हनुवटी माझ्या मनगटावर टेकायला लागला. तू गेल्यापासून या घरात कोणी माझ्या हातावर भार टाकला नव्हता रे. गेल्या गुरुवारी त्याने उंदीर धरला, आणि मी चुलीपाशी बसून रडले. आता तो ठणठणीत आहे. चादर दहा दिवस कोरी आहे. तोर्काटो खुशाल येऊ दे.

तुझी,
इरासिल्दा

ता. क. तोर्काटो आत्ताच आलाय, हे पत्रही त्याच्याबरोबरच देते. टोपली रिकामी जाऊ नये म्हणून तीत जेनेरोझाची मांजर पाठवतेय. अबिलियोला मांजरीने शिंका येतात. उंदीर तीही धरते, आणि ओदालेया तिच्याबरोबर एका घरात राहू शकेल.

पुन्हा ता. क. सेनादोरला का पाठवला नाही, असं विचारशील. पत्र संपवून चादर झटकली तर तीवर एक काळा ठिपका दिसला. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सहा आठवडे. ते संपून तो पुन्हा धड खायला लागेपर्यंत ऑक्टोबरचा माउलीचा उत्सव येतोच. तेव्हा तोर्काटोला न पाठवता तुम्ही दोघंच या. उत्सवाची मानिसोबा, म्हणजे कसाव्याचा पाला, सात दिवस शिजवावी लागते, ती मी एकटीसाठी शिजवत नाही. आणि तो ठिपका तू स्वतःच्या डोळ्यांनी बघ, मी जपून ठेवलाय. माझी नजर आता पूर्वीसारखी राहिली नाही, कदाचित तो तीळही असेल.