निर्दोष राजीनामा

नौबाद, बीदर
१४ नोव्हेंबर, शुक्रवार

प्रिय मैत्रेयी,

जय भीम. तुझ्या राजीनाम्याचा फोटो परवा सव्वाचारला मोबाइलवर आला. सोबत एवढंच, "अप्पा, कन्नड तपासून द्या, महिनाअखेरीला सही करायची हाय." मग तू आईला फोनवर सांगितलंस की कलबुर्गीच्या तुझ्या शाळेत रीतच आहे. सातवा लागला की बाईनं राजीनामा द्यायचा आणि बाळ सहा महिन्यांचं झालं की नव्यानं रुजू व्हायचं. मधला पगार नाही, मागची पाच वर्षंही पुसली जाणार. मी दोन दिवस तोच कागद पुढ्यात घेऊन बसलोय. काल तुझी आई म्हणाली, "एका पानात किती चुका शोधायलाव?"

चूक एकही सापडली नाही.

तहसीलसमोर टेबल टाकून सत्तावीस वर्षं मी लोकांचे अर्ज लिहितोय. शिक्षण सातवी, कन्नड शिकलो दुकानांच्या पाट्या आणि बसचे बोर्ड वाचून. आज वकीलसुद्धा मसुदा माझ्या नजरेखालून घालतात. हे तू शंभरदा ऐकलंयस, तरी लिहितो, कारण पुढं त्याचं काम आहे.

दोन दिवस मनात तुम्ही तिघी आहात. तुझी वहिनी मंजुश्री आणि तू, बी.एड.ला एकाच बाकावर बसलात. ती कमठाण्याच्या सरकारी शाळेत लागली, तिला एकशेऐंशी दिवस भरपगारी रजा मिळाली. चार ओळींचा अर्ज, तोही मीच लिहिलेला. दुबलगुंडीची आपली अक्कम्मा नववा महिना भरेपर्यंत रोजानं तुरीत खुरपत होती. तिचा मालक आठवड्याला बदलतो, तिनं रजा कुणाला मागायची? दिवस तिघींचे सारखेच, फरक एवढाच की हजेरी कोण घेतो. तू मधे आहेस. दहा किंवा जास्त माणसं कामाला असली की खाजगी मालकालाही पहिल्या दोन बाळंतपणांना सव्वीस आठवडे पगारी रजा द्यावी लागते. आधीच्या वर्षात ऐंशी दिवस काम झालेलं हवं, ते तुझं झालंय. तुझ्या शाळेत शिपाई धरून एकतीस जण आहेत. गॅदरिंगच्या फोटोत मी मोजले.

पण हे नोकरीत असलेल्या बाईला. तिनं आपल्या हातानं राजीनामा दिला की मालक मोकळा.

तुला आठवीत गणित शिकवणारी सौम्या आठवते? सातव्या महिन्यात ती माझ्या टेबलाशी असाच कागद घेऊन उभी होती. म्हणाली, "अण्णा, ह्यात माझं नुकसान तर न्हाई ना?" मी म्हणालो, "बिनघोर सही करा टीचर, स्वल्पविरामसुद्धा जागेवर हाय." तिला परत कुणी बोलावलं नाही. आता ती बसस्टँडमागं साड्यांना फॉल-पिको करते. दिसली की अजून "नमस्कार अण्णा" म्हणते, आणि मी खाली वाकून चपलेचा अंगठा नीट करतो.

फोनवर हे बोलता येईना, म्हणून सुगतदादाच्या हाती पत्र पाठवतोय. तुझ्या फोटोतला मसुदा माझा आहे. बारा वर्षांपूर्वी इथल्या एका शाळेच्या सेक्रेटरीनं असा कागद मागितला होता, जो पुढं कुठं अडकणार नाही. पोटुशी असल्याचा उल्लेख गाळून 'घरगुती अडचणीमुळे, स्वखुशीने' हे शब्द मीच सुचवले. "नरसिंग, वकिलालाबी हे सुचलं नसतं," ते चारचौघांत म्हणाले, आणि मी सातवी पास माणूस आठवडाभर छाती काढून चाललो. तो कागद शाळा-शाळा फिरत तुझ्यापर्यंत आला, अक्षर न बदलता. सही करू नकोस. सोबत रजेचा अर्ज आहे, दोन प्रतींत; एकीवर शिक्क्यानिशी पोच घे. सोमवारी पहिल्या बसनं मी येतोय. "ही तर सगळीकडची रीत" असं कुणी म्हणालं, तर ती लिहिली कुणी हे मी तिथं उभा राहून सांगेन. आज सकाळी सौम्यालाही हे सांगून आलो. तिनं मशीन थांबवलं नाही. अर्ज मी तीनदा वाचलाय, तरी तू स्वतः वाच. नुकसान कुठं आहे ते आधी बघ, स्वल्पविराम नंतर.

तुझाच,
अप्पा