डॅशबोर्डवरचा लाल बल्ब

टाफो, कुमासी
शनिवार, ९ मार्च १९९६

चि. आग्येईला आईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे. गुडघा दुखतो, पण तो दुखायचा थांबला तर मलाच काळजी वाटेल. टामालेचा उन्हाळा सोसतोय का? वेळेवर जेवत जा. तू लिहीत नाहीस, तरी मला ठाऊक आहे, सकाळी नुसता चहा ढोसून शाळेत पळतोस.

तू पत्रात विचारलंस, "व्हॅन दुरुस्त झाली की नाही? हो किंवा नाही, एवढंच कळव." अरे, मी काय तुझ्या वर्गातली पोर आहे? आणि हो किंवा नाहीमध्ये मावणारी ती गाडी तरी आहे का?

दुखणं तुला माहीतच आहे. सकाळी बॅटरी मेलेली. आपला ड्रायव्हर ताविया चावी फिरवतो, गाडी नुसती कण्हते, आणि केजेटियाच्या मोटार-स्टेशनात जागा धरून बसलेले प्रवासी खाली उतरून ढकलायला लागतात. परवा एक पाद्री कोट काढून ढकलत होते आणि ढकलता ढकलता तावियासाठी प्रार्थना करत होते. प्रार्थनेचा सूर काही बरा नव्हता. हॉर्न वाजवला तर सर्दी झालेल्या शेळीसारखा आवाज. दोन नव्या बॅटऱ्या घातल्या, दोन्ही बसल्या. नवल म्हणजे ओबुआसीची लांबची फेरी करून आली की गाडी शहाण्यासारखी वागते, आणि शहराच्या गर्दीत रेंगाळली की पुन्हा आजारी. ताविया म्हणाला, "मॅडम, कुणीतरी करणी केलीय. आधी पाद्र्याला दाखवू." मी म्हटलं, "पाद्र्याने ढकलून पाहिली ना? झालं समाधान?"

शेवटी सुआमे मॅगझिनच्या गॅरेजवस्तीतून बादू नावाचे इलेक्ट्रिशियन आले. आधीच्या मिस्त्रीने चालू गाडीची बॅटरीची वायर उपटून परीक्षा घेतली होती, हे ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "असं करून बॅटरी भरणारा चांगला अल्टरनेटरसुद्धा जळतो, मॅडम. माणसाचा ताप बघायला त्याचा गळा दाबतात का?"

मग त्यांनी शांतपणे एकेक बघितलं. बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी खरवडली. सैल पट्टा ताणला. गाडी बंद असताना मीटर लावला, मग चालू करून लावला. चालू केल्यावर काटा वर चढायला हवा, तो जागचा हलेना. म्हणजे बॅटरी बिचारी निर्दोष, तिला कुणी काही भरवतच नव्हतं. अल्टरनेटर उघडला, आतले कार्बनचे ब्रश चांगले निघाले. मग ते ड्रायव्हरच्या जागेवर बसले, गाडी चालू न करता नुसती चावी फिरवली आणि डॅशबोर्डकडे बघत राहिले.

"बॅटरीचा लाल दिवा लागत नाही," ते म्हणाले. "बल्ब कुठाय?"

ताविया अभिमानाने पुढे झाला. "तो मीच काढला, साहेब! पट्टा सैल होता ना, गाडी थांबली की दिवा लुकलुकायचा. पुढे बसलेली बाई ओरडली, गाडी पेटली, पेटली! सगळी गाडी रिकामी झाली. आमच्या स्टेशनात सगळे तसंच करतात. दिवा काढला की भांडण नाही."

"शाबास," बादू म्हणाले. "अरे, या जुन्या गाडीत अल्टरनेटरला जागं करणारा पहिला करंट त्या बल्बमधूनच जातो. तू कोंबडाच कापलास आणि आता सकाळ का होत नाही म्हणून विचारतोयस. लांबच्या रस्त्यावर गाडी जोरात पळते तेव्हा तो आपला आपण जागा होतो, म्हणून ओबुआसी तुम्हाला मानवतं."

नवा बल्ब लावला, गाडी चालू केली, दिवा लागून विझला, काटा चढला. ताविया तोंड लपवायला रेडिएटरमध्ये पाणी घालत बसला.

तर हो, दुरुस्त झाली. बादू अधूनमधून येऊन नजर टाकतो म्हणाले. माणूस कामाचा आहे. माझं शेंगदाण्याचं सूप त्यांना आवडलं, हे आपलं सहज लिहिलं.

तुझी
आई


टाफो, कुमासी
रविवार, २१ एप्रिल १९९६

चि. आग्येई, आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. या वेळी खुशाली विचारायचीही तसदी घेतली नाहीस. "गाडी दुरुस्त झाली, तर तो माणूस दर रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून काय तपासतो?" असं विचारलंस. तुला मामाने कळवलं असणार. माझ्या भावाच्या पोटात पाणी टिकतं, गोष्ट टिकत नाही.

तर ऐक. बल्ब लावून आठवडा झाला नसेल, तोच गाडी पुन्हा बसली. बादू आले, बघतात तर बल्ब गायब. ताविया बायबलवर हात ठेवून शपथा घ्यायला लागला. बादूंनी खिशातून दुसरा बल्ब काढून लावला, जेवले, गेले. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. या खेपेला त्यांनी तावियाला पट्ट्याचं माप घेऊन दुकानात पाठवलं आणि तो गेल्यावर म्हणाले, "मॅडम, बल्ब म्हणजे काही पिकलेला आंबा नव्हे आपोआप गळायला. मला बोलवायचं तर नुसतं बोलवा की. त्या म्हाताऱ्या गाडीला कशाला उपाशी ठेवता?"

मी म्हटलं, "कुठला बल्ब?"

आणि नेमकी तेव्हाच माझ्या कमरेच्या कापडाची गाठ सुटली. दोन्ही बल्ब खाली. एक फुटला, दुसरा घरंगळत त्यांच्या बुटापाशी जाऊन थांबला. आग्येई, तुझी आई केजेटिया बाजारात आख्ख्या ओळीला गप्प बसवते, ती खाली बसून काचा वेचायला लागली. ते इतके हसले की त्यांना बोनेटला धरावं लागलं. मग म्हणाले, "मलाही एक कबूल करायचंय. पहिल्या दिवशी आल्या आल्याच मला दिसलं होतं, की बल्ब नाही. पट्टा, कार्बन, मीटर, सगळं त्यानंतर. घरातून सुपाचा वास येत होता." मी त्यांना लबाड म्हटलं. ते म्हणाले, "दोघं आहोत."

तावियाची मी माफी मागितली. त्याला वाटलं, मी आजारी आहे.

आता खरी गोष्ट, जी मी दोन पत्रं झाली चुकवतेय. ती व्हॅन तुझ्या बाबांची आहे, मला माहीत आहे. तू विक म्हणतोस, पण दुसऱ्या कुणाला त्यांच्या जागेवर बसलेलं तुला बघवत नाही, हेही मला माहीत आहे. मला तरी कुठे बघवत होतं? बाबा गेल्यापासून मी उखळात दोघांपुरतं कसाव्याचं फुफू कुटायची आणि एकटी खायची. हात ऐकायचेच नाहीत. उरलेलं शेजारची कोंबडी खाऊन लठ्ठ झाली. बादूंच्या येण्याने मी बाबांना विसरले नाही. उलट आता त्यांच्याबद्दल बोलते, आणि समोर बसलेला माणूस ऐकून घेतो. मला तो माणूस हवाय, बाळा. या वयात असं लिहिताना लाज वाटतेय, तरी लिहिते.

पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारी त्यांच्या घरची माणसं मला मागणी घालायला, रीतीप्रमाणे दारूच्या बाटल्या घेऊन आपलं दार ठोठावायला येणार आहेत. मामा रुबाबात मधोमध बसेल, त्याने कापडसुद्धा इस्त्रीला टाकलंय. तू नको म्हणालास तर मी त्यांना परत पाठवेन. चिडून नाही, रडून पाठवेन, पण पाठवेन. तुझ्याशी अबोला धरून मला कुणाबरोबर घर मांडायचं नाही. मात्र नको म्हणायचं असेल तर इथे येऊन माझ्या तोंडावर म्हण, पत्रातून नको.

मामा रीतीप्रमाणे मला तीनदा विचारेल, या बाटल्या घेऊ का? पहिल्यांदा मी हो म्हणेन. दुसऱ्यांदाही म्हणेन. तिसऱ्यांदा विचारेल तेव्हा मी आधी तुझ्याकडे बघेन. तोंडाने काही म्हणवलं नाही तर बोलू नकोस, नुसती मान हलव. रिकाम्या खुर्चीला मान नसते, म्हणून ये.

तुझी, आणि काही झालं तरी तुझीच,
आई