सलूनमधला लसूण

३ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

उभा असशील तर खाली बस, कारण बोलणी खायची आहेत. तुझ्या बायकोनं सगळं सांगितलंय. कोलेस्ट्रॉल चढलं म्हणून डॉक्टरनं गोळी दिली, ती तू बंद केलीस आणि लसणाचा अर्क ढोसत सुटलास. सकाळी दोन चमचे, दुपारी दोन. अरे, तू दाढी करणारा माणूस. गिऱ्हाइकाच्या नाकाशी नाक लावून उभा राहतोस. परवा म्हणे एक मास्तर अर्धी दाढी तशीच ठेवून उठले, महत्त्वाचं काम आठवलं म्हणाले.

मी हसले, खोटं कशाला बोलू. पण बाबा बावन्नाव्या वर्षी याच दुखण्यानं गेले, कात्री हातात असताना. तू एक्कावन्नचा आहेस. गोळी घे. इस्त्री तापलीय, शर्ट जळायच्या आत थांबते.

लोभ आहे तो वाढव, चरबी वाढवू नकोस.
तुझी अक्का

११ जून

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. चुगलखोर बायकोशी दोन दिवस अबोला धरला, तिला कळलंही नाही. झाडपाल्याला नावं ठेवू नकोस. रक्त पुन्हा तपासलं, आकडा दोनशे साठवरून दोनशे चाळीसवर आला. रिपोर्ट आरशाला चिकटवलाय.

डॉक्टरनं मात्र विरजण घातलं. रोज चारला माझ्या बाकावर तळणाचा पुडा उघडून मलाही खिलवणारं टोळकं तुला माहीत आहे. अर्काच्या वासानं ते आता सायकलवाल्याकडे बसतं, पुड्यासकट. डॉक्टर म्हणाला, अर्कानं थोडंफार होत असेल, पण तो पुडा सुटला त्याचाही हात आहे. आणि एवढ्यानं भागणार नाही, गोळी हवीच.

खरं सांगू? बाबांना गोळ्या सुरू झाल्या आणि वर्षात ते गेले. मला दुखण्यापेक्षा गोळीचीच भीती वाटते. हसू नकोस.

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.
तुझा धाकटा

१९ जून

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

नाही हसले. पण बाबांनी गोळ्या घेतल्या कुठे? ते गेल्यावर त्यांची गादी झटकली, तर खाली सगळी पाकिटं. एकही फोडलेलं नव्हतं. आईच्या जिवाला लागेल म्हणून मी इतकी वर्षं गप्प बसले. माझंच चुकलं, तुला तरी सांगायला हवं होतं.

आणखी एक. तुझं वाचून मीही रक्त देऊन आले. दोनशे नव्वद. मी मोठी ना, आकडाही मोठाच निघाला. शिकवायला गेले आणि स्वतःच नापास.

आता ऐक. रोज संध्याकाळी सातला फोन करीन. आधी तू गोळी गिळायची, मग मी. तू टाळलीस तर मीही घेणार नाही, आणि मला हट्टात हरवणारा अजून जन्मलेला नाही. अर्क हवा तर डॉक्टरला विचारून घे, दाढी करताना तोंडाला फडकं बांध.

लोभ असाच राहू दे. त्यासाठी आधी आपण दोघं राहायला हवं.
तुझी अक्का