शेवटच्या सरीचं दारं

सौ. सुभद्रास, मुंबईच्या दवाखान्यातून खुशाली.

मी बरा हाये, जेवण बराबर जातंय. मांडीतून नळी घालून थेट लिव्हरातल्या गाठीत औषध सोडत होते ना, त्या जालीम औषधानं तिथली मोठी नसच बुजली. आता त्या वाटेनं औषध बंद. डॉक्टर म्हणले, बारीक नसा आपोआप वाट काढत्यात, पाहू.

गुंगीत मी आपल्या शहागडच्या उसात होतो. पाण्याची चारी बुजल्ती, अन् तू पदर खोचून टाचेनंच सरीच्या तोंडाचं मातीचं दारं मोडून पाणी सरीसरीत फिरवून राह्यली होती. चांदीवानी पाणी माझ्या पायाला लागलं.

कालवड चारा खाती का?

एक ऐक. उसाला पाणी दिलं की शेवटच्या सरीचं दारं बुजवू नको. मी येईस्तोवर उघडं राहू दे.

तुझ्याच बांधावरचा,
रखमाजी